माल तुमच्या शब्दावर गेला आहे

पत्राचा सारांश: वाचक २९ वर्षांचे, परभणी जिल्ह्यातल्या शेतकरी घरातले. एमबीए झाल्यावर कॅम्पसमधून एका मोठ्या कंपनीत लागले. साबण, शाम्पू, चहा विकणारी, घराघरात नाव असलेली कंपनी. नोकरीला सव्वाचार वर्षं झाली. सध्या मराठवाड्यातच सेल्स ऑफिसर आहेत. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टारगेट हुकलं, तेव्हापासून आत्मविश्वास गेला आणि दर महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर झोप उडते. मार्चच्या क्लोजिंगला, म्हणजे महिनाअखेरीचा विक्रीचा हिशेब बंद करताना, एरिया मॅनेजरच्या सांगण्यावरून त्यांनी एका डिस्ट्रिब्युटरवर गरजेपेक्षा खूप जास्त माल लावला. हे गृहस्थ साठीच्या पुढचे, वाचक त्यांना काका म्हणतात. ‘खपला नाही तर परत घेऊ, स्कीमचा क्लेम (सवलतीपोटी कंपनीकडून यायची रक्कम) महिनाभरात काढून देऊ’, असं वाचकांनी त्याच मॅनेजरच्या सूचनेवरून काकांना तोंडी सांगितलं होतं. त्या मॅनेजरची बदली झाली. नवे मॅनेजर म्हणतात, कागद दाखवा. काकांची बँकेची सीसी लिमिट (धंद्यासाठीच्या कॅश क्रेडिट कर्जाची मर्यादा) संपली आहे, गोदामात वीसेक लाखांचा माल पडून आहे. ते एवढंच म्हणाले, ‘साहेब, तुमच्या शब्दावर घेतला होता.’ वाचकांच्या पत्नीला पाचवा महिना आहे. अशात एका घरगुती मसाला कंपनीने बोलावलं आहे, पण पगार पाचव्या हिश्श्याने कमी. वाचक विचारतात : एवढी मोठी कंपनी सोडणं वेडेपणा ठरेल का? सगळीकडे असंच असतं का? की मीच कमी पडतोय?

नमस्कार.

तुमच्या पत्रातला बराचसा मजकूर कंपनीबद्दल आहे. काकांबद्दल चारच ओळी आहेत. पण तुम्हाला खरं टोचतंय ते त्या चार ओळींत आहे, असं मला वाटतं. म्हणून तुमचे प्रश्न मी तुम्ही विचारलेल्या क्रमाने घेत नाही. राहायचं की सोडायचं हे शेवटी पाहू.

ज्या वाचकांचा या धंद्याशी संबंध नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. कंपनीचा माल डेपोतून डिस्ट्रिब्युटरकडे जातो आणि त्याच्याकडून किराणा दुकानांत. पहिल्या टप्प्यातल्या विक्रीला प्रायमरी म्हणतात, दुसऱ्याला सेकंडरी. डिस्ट्रिब्युटरच्या नावाने बिल फाटलं की कंपनीच्या दृष्टीने माल विकला गेला. दुकानदाराने तो घेतला का, गिऱ्हाइकाच्या घरी गेला का, हे नंतरचं. त्यामुळे महिनाअखेरीला आकडा कमी पडला की सगळ्यात सोपा उपाय म्हणजे एखाद्या भल्या, नाही न म्हणणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर माल लावणं. कागदावर सेल दिसतो आणि ओझं त्याच्या गोदामात जाऊन बसतं.

त्या ओझ्याची किंमत काय, याचा हिशेब तुम्ही काकांसोबत बसून कधी मांडला आहे का? वीस लाख रुपये बारा टक्क्यांनी अडकले तर महिन्याचं व्याजच वीस हजार होतं. गोदामाचं भाडं, उंदीर, कोंदट हवा, जवळ येणारी एक्सपायरी हे सगळं वेगळं. हे सोसवेना झालं की डिस्ट्रिब्युटर तो माल होलसेलला तोट्यात काढतो. होलसेलमधून तो शेजारच्या तालुक्यात स्वस्तात उतरतो. तिथल्या सेल्समनला दुकानदार म्हणतो, ‘मला तुमच्यापेक्षा कमीत मिळतोय.’ तिथल्या ऑफिसरची सेकंडरी बसते, आणि महिनाअखेरीला तोही आपल्या डिस्ट्रिब्युटरवर माल लावतो. तुम्ही मार्चमध्ये जे केलं त्याला सुरुवात कदाचित दुसऱ्याच कुणाच्या फेब्रुवारीत झाली असेल.

आता काकांचं काय करायचं ते पाहू. हे काम या आठवड्यातच हातात घ्या.

काकांच्या गोदामात जाऊन माल प्रत्यक्ष मोजा. बॅचप्रमाणे, एमआरपीप्रमाणे, एक्सपायरीच्या महिन्याप्रमाणे यादी करा आणि त्यावर दोघांनी सही करा. गेल्या तीन महिन्यांची सरासरी सेकंडरी काढा. म्हणजे हा माल साधारण किती दिवस पुरेल ते कळेल आणि ‘खूप माल आहे’ या तक्रारीऐवजी तुमच्या हातात एक आकडा येईल. स्कीमचं सर्क्युलर शोधा. जुन्या मॅनेजरनी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेले मेसेज शोधा. ‘काकांकडे अजून एक गाडी लाव, बाकी मी बघतो’ एवढं एक वाक्य सापडलं तरी ते कामाचं आहे.

नवे मॅनेजर कागद मागतात याचं तुम्हाला दुःख झालं, हे पत्रातून दिसतं. मला मात्र त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. त्यांनी शब्द दिला नव्हता, आणि कागदाशिवाय त्यांनी क्लेम पास केला तर उद्या ऑडिटमध्ये तेच अडकतील. त्यांना विरोधक मानू नका. त्यांना हवा असलेला कागद तुम्हीच तयार करून द्या. मेल लांबलचक नको. साधारण असा लिहा :

‘मार्चच्या क्लोजिंगला अमुक डिस्ट्रिब्युटरला इतक्या रकमेचा माल बिल केला. त्यांची महिन्याची सरासरी सेकंडरी इतकी आहे. तेव्हाच्या एरिया मॅनेजरच्या सूचनेनुसार न खपलेला माल परत घेण्याचं आणि स्कीमचा क्लेम देण्याचं मी त्यांना तोंडी सांगितलं होतं. आजचा मोजलेला स्टॉक सोबत जोडला आहे. यातून मार्ग काढण्यासाठी तीन पर्याय सुचवतो.’

या मेलची प्रत जुन्या मॅनेजरना आणि क्लेम पाहणाऱ्या कमर्शियल विभागाच्या माणसाला जायला हवी. ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य लिहिताना हात थरथरेल. तरी ते गाळू नका. ते गाळलंत तर काकांची बाजू लंगडी पडते.

तीन पर्याय कोणते? पुढचे दोन महिने काकांच्या नावाने नवी प्रायमरी घ्यायची नाही आणि आहे तो माल उतरू द्यायचा. मंद चालणारे किंवा एक्सपायरी जवळ आलेले पॅक कंपनीने परत घ्यायचे. आणि तुमच्याच भागात ज्या डिस्ट्रिब्युटरकडे तोच माल कमी आहे, तिकडे कंपनीच्या परवानगीने, रीतसर बिलाने तो वळवायचा. पूर्ण वीस लाखांचा माल परत जाईल अशी आशा काकांना दाखवू नका, कारण ते बहुधा होणार नाही. एका शब्दाने ते अडकले आहेत, त्यांना दुसरा कच्चा शब्द देऊ नका. पण निम्मा माल मार्गी लागला तरी त्या माणसाला श्वास घेता येईल.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते त्याला कारण आहे. विक्रीच्या नोकऱ्यांत ऑफिसर बदलतात, डिस्ट्रिब्युटर तिथेच राहतात. नवा ऑफिसर येतो आणि म्हणतो, ‘ते आधीच्या साहेबांना विचारा.’ आधीचे साहेब फोन उचलत नाहीत. बाजारात हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि वर्षानुवर्षं लक्षात राहतं. तुम्ही उद्या मसाले विका, बिस्किटं विका, नाहीतर रंगाचे डबे विका, तुम्हाला त्याच मोंढ्यात, त्याच माणसांसमोर उभं राहायचं आहे. व्हिजिटिंग कार्डावरचं मोठं नाव कंपनीचं आहे, ते कार्डाबरोबर परत जाईल. बाजारातली पत मात्र तुमची आहे, आणि आत्ता ती त्या गोदामात अडकली आहे. नोकरीचा निर्णय याच्या आधी घेतलात तर तो पळ काढल्यासारखा होईल, मग तुम्ही राहा किंवा जा.

आता, सगळीकडे असंच असतं का?

पुष्कळ ठिकाणी असतं, हे खरं. जगातल्या अगदी मोठ्या कंपन्यांतही झालं आहे. कोका-कोलाने जपानमध्ये १९९७ ते १९९९ या काळात हिशेबाचा कालावधी संपत आला की बॉटलरना (पेय बाटल्यांत भरून विकणाऱ्या कंपन्यांना) जास्त उधारीची सवलत देऊन गरजेआधीच कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पेयाचा अर्क, घ्यायला लावलं आणि गुंतवणूकदारांना ते सांगितलं नाही, असा ठपका अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने २००५ मध्ये ठेवला. कंपनीने आरोप मान्य किंवा अमान्य न करता ते प्रकरण मिटवलं. म्हणजे तुमच्या तालुक्यातल्या गोदामात जे घडलं ते जगावेगळं नाही. पण ‘सगळीकडे होतं’ याचा अर्थ ‘चालतं’ असा नाही. ज्यांच्याकडे हिशेब तपासायचं काम आहे, ते याला धंद्याची रीत मानत नाहीत.

आणि ‘सगळीकडे’ म्हणताना तुम्ही किती ठिकाणं पाहिली आहेत? सव्वाचार वर्षांत एकच भाग आणि दोन मॅनेजर. त्याच कंपनीत, शेजारच्या एरियात, दुसऱ्या मॅनेजरच्या हाताखाली काय चालतं ते तिथल्या एखाद्या ऑफिसरला चहा घेता घेता विचारा. मोठ्या कंपनीत नोकरीचा अनुभव बहुतेक वेळा कंपनीचा नसतो, लगतच्या वरिष्ठाचा असतो. एकाच्या हाताखाली महिनाअखेर म्हणजे फाशीचा दोर, दुसऱ्याच्या हाताखाली साधं काम. तुमचे नवे मॅनेजर कागद मागणारे आहेत. ही तुमच्यासाठी चांगली बातमीही असू शकते. त्यांना पुढच्या एक-दोन क्लोजिंगना पाहा.

पुन्हा तसाच फोन आला तर वाद घालू नका आणि गप्पही बसू नका. आकडे पुढे ठेवा : डिस्ट्रिब्युटरकडे आज इतक्या दिवसांचा स्टॉक आहे, येणं इतकं थकलं आहे, लिमिट इतकी उरली आहे, माझ्या मते यापेक्षा जास्त बिल करू नये. फोन ठेवल्यावर तेच दोन ओळींत मेल करा. बरेचदा एवढ्यानेच मागणी निम्म्यावर येते. कारण तोंडी सांगायला सोपं असलेलं पुष्कळ काही लेखी मागायला अवघड असतं.

आणखी एक पायरी आहे, ती माहीत असू द्या. तुमची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार गैरप्रकार कळवण्यासाठी तिला यंत्रणा ठेवावीच लागते, तक्रार करणाऱ्याला त्रास होऊ नये याची सोय करावी लागते आणि तशीच गरज पडली तर ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाण्याचा मार्गही द्यावा लागतो. आजच तिकडे जा असं मी म्हणत नाही. मेलला उत्तर आलं नाही, किंवा तो मागे घ्या म्हणून दबाव आला, तर जा. तोपर्यंत कागद जपा.

एका गोष्टीवर मात्र तडजोड करू नका. आकडा दाखवण्यासाठी सेकंडरीची खोटी बिलं टाका, असं कुणी सांगितलं तर त्याच क्षणी नाही म्हणा. ती बिलं काकांच्या जीएसटी नंबरवर फाटतात. माल न देता बिल काढणं कायद्याने दंडनीय आहे, आणि नोटीस कंपनीला नाही, काकांच्या पत्त्यावर येईल.

‘मीच कमी पडतोय का’ या प्रश्नाकडे वळते. तुमचा आत्मविश्वास ज्या महिन्यांत गेला, ते महिने आठवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट यांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. त्याआधी काही आठवडे कर कमी होणार याची चर्चा होती. अशा वेळी कुठला दुकानदार जुन्या भावाचा माल भरून ठेवेल? देशभर खरेदी मंदावली होती आणि बड्या बड्या कंपन्यांनी त्या तिमाहीच्या निकालांत तसं सांगितलं. तेव्हा हुकलेलं टारगेट तुम्ही आपल्या लायकीच्या खात्यावर मांडून बसला आहात. ते तिथून काढून टाका.

तरीही एकदा प्रामाणिकपणे तपासा. महिन्यातले किती दिवस तुम्ही खरोखर बीटवर, म्हणजे दुकानांच्या ठरलेल्या फेरीवर, असता आणि किती दिवस फोनवर आकडे गोळा करण्यात जातात? बीटच्या यादीतल्या दुकानांपैकी किती दुकानांत तुमचा सेल्समन दर आठवड्याला पोचतो? कुठल्या गावात नवी दुकानं उघडली आणि यादीत आलीच नाहीत? सेकंडरी वाढवण्याची जागा बहुतेकदा इथे असते, आणि सेकंडरी चालली की महिनाअखेर आपोआप हलकी होते. त्या सेल्समनकडेही बघा. ती मुलं बहुतेक वेळा कंपनीच्या पगारपत्रकावर नसतात, डिस्ट्रिब्युटरच्या किंवा एजन्सीच्या असतात. काकांचा पैसा अडकला की पहिला उशीर त्यांच्या पगाराला होतो.

आता मोठी कंपनी. या नावाचं तुम्हाला ओझं वाटतंय आणि आधारही वाटतोय. गावात वडिलांना लोक ‘पोरगा मोठ्या कंपनीत आहे’ म्हणतात, त्याचं मोल मी कमी लेखत नाही. शेतीत पाऊसपाण्यावर जगलेल्या घरात ठरल्या तारखेला येणारा पगार म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. मोठ्या कंपन्या शिकवतातही खूप. हिंदुस्थान लिव्हरने १९७६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यात ग्रामविकासाचं काम सुरू केलं आणि आपल्या मॅनेजमेंट ट्रेनींना तिथल्या खेड्यांत राहायला पाठवलं. पुढे ज्यांना खुर्चीवर बसून साबण विकायचा होता, त्यांनी आधी गिऱ्हाइकाचं अंगण पाहावं, असा तो विचार होता. बाजार वाचायची ही शिस्त तुम्हालाही मिळाली आहे, आणि ती आता तुमची आहे.

पण ‘मोठी सोडली की उतरण लागली’ हे गृहीतक तपासून पाहा. अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये निरमा सुरू केली तेव्हा ते सायकलवरून घरोघरी पावडर विकत होते. पुढे त्याच निरमाला तोंड देण्यासाठी लिव्हरला व्हील ही स्वस्त पावडर आणावी लागली. प्रत्येक मसालेवाला निरमा होतो असं नाही. छोट्या घरगुती कंपन्यांत वेगळे त्रास असतात : मालकाचा भाचा तुमचा साहेब, इन्सेन्टिव्हचा नियम मालकाच्या लहरीवर, रविवारीसुद्धा फोन. म्हणून तिथे जायच्या आधी त्यांच्या एचआरला विचारण्यापेक्षा त्यांच्या दोन-तीन डिस्ट्रिब्युटरना भेटा. क्लेम किती दिवसांत मिळतो? खराब माल कोण सोसतो? महिनाअखेरीला गाडी न विचारता येते का? आधीचा ऑफिसर किती काळ टिकला आणि का गेला? तासाभरात जे कळेल ते कुठल्याही मुलाखतीत कळणार नाही. नोकरी बदलू पाहणाऱ्या विक्रीतल्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे.

वेळेबद्दल माझं स्पष्ट मत असं आहे : बाळंतपण होईपर्यंत नोकरी सोडू नका. मोठ्या कंपन्यांच्या ग्रुप विम्यात बाळंतपणाचा खर्च बरेचदा असतो. नव्या ठिकाणी तो असेल का, असला तर पहिल्या दिवसापासून का, हे लेखी कळल्याशिवाय हलू नका. स्वतः नवी पॉलिसी काढली तर बाळंतपणासाठी थांबण्याचा काळ असतो, ती आता उपयोगाची नाही. मसाला कंपनीला खरं कारण सांगा आणि चार-पाच महिने मागा. ज्यांना तुम्ही खरंच हवे आहात, ते निदान विचार तरी करतील.

ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं पूर्ण व्हावी लागतात, तुमची व्हायला नऊ महिने आहेत. त्याचाही हिशेब करून ठेवा. मूळ पगार पंचवीस हजार धरला तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी साधारण बहात्तर हजार होते. रक्कम लहान नाही, पण तेवढ्यासाठी नऊ क्लोजिंग काढायचे की नाही, हे तुमची तब्येत पाहून ठरवा. झोप उडाल्याचं तुम्ही लिहिलं आहे. ती दोन-तीन आठवड्यांत सुधारली नाही तर डॉक्टरांना दाखवा. आणि घरी बोला. पत्नीला काकांचं प्रकरण माहीत आहे की नाही, हे पत्रात नाही. पोटुशी बाईला ताण नको म्हणून लपवलं असेल, तर तुमची चिडचिड तिला दिसतेच आहे, फक्त कारण कळत नाही.

या चार महिन्यांत त्याच कंपनीत दुसऱ्या एरियात बदली मागून पाहायलाही हरकत नाही. ती मिळाली, नवे मॅनेजर सरळ निघाले आणि काकांचा माल मार्गी लागला, तर कदाचित सोडायचं कारणच उरणार नाही. यातलं काहीच झालं नाही, तर पगार पाचव्या हिश्श्याने कमी असला तरी जा. तेवढ्यात घर कसं चालतं ते आजपासून तीन महिने चालवून पाहा. पाचवा हिस्सा बाजूला टाका, तो बाळंतपणालाही कामी येईल.

जायचं ठरलं तर नीट जा. पीएफ काढू नका, यूएएनवरून (नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकावरून) नव्या खात्यात वळवा. पाच वर्षांच्या आत काढला तर करही लागू शकतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर देणं असलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवा, आणि ग्रॅच्युइटी लागू असेल तर ती सामाजिक सुरक्षा संहितेनुसार तीस दिवसांत. लॅपटॉप परत करताना लेखी पोच घ्या आणि रिलीव्हिंग लेटर मागून घ्या.

शेवटच्या आठवड्यात एक हँडओव्हर नोट करा. त्यात प्रत्येक डिस्ट्रिब्युटरचं थकलेलं येणं, प्रलंबित क्लेम, दिलेला प्रत्येक शब्द आणि तो कुणाच्या सांगण्यावरून दिला, हे लिहा. नव्या ऑफिसरची सही घ्या आणि ज्या त्या डिस्ट्रिब्युटरला त्याच्यापुरती प्रत द्या. काकांची प्रत स्वतः नेऊन द्या.